दोन बाटल्या आणि एक नाक

"मॅडम, एक डाग दिसला तर बोला," असं म्हणत देवरामने प्रयोगशाळेच्या टेबलावर बाटल्यांची रांग लावली आणि रसायनशास्त्राच्या ज्योत्स्नाबाई ती रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत गेल्या.

बाटल्या लखलखत होत्या, यात वाद नाही. दुसऱ्या दिवशी बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि खंडव्याहून बाहेरचे परीक्षक यायचे होते. "लॅब चकाचक पाहिजे," एवढंच प्राचार्य म्हणाले होते. प्रयोगशाळेचा शिपाई देवराम एरवी सांगितलेलं अर्धंच ऐकायचा, पण त्या दिवशी त्याच्या अंगात आलं. त्याने हौदात धुण्याचा सोडा टाकला, बाटल्या बुचांसकट बुडवल्या, काथ्याने घासल्या आणि सावलीत ओळीने वाळवल्या. त्यांच्या अंगावरच्या पिवळ्या पडलेल्या नावांच्या चिठ्ठ्या लगदा होऊन नालीतून वाहून गेल्या.

"देवराम, अहो, नावं कुठं गेली?"

"कसली नावं?"

"बाटल्यांवरची!"

"ते कागद होय? सडले होते मॅडम. परीक्षक साहेबांना कसं दिसलं असतं?"

रंगीत रसायनं आणि भुकट्या डोळ्यांनी ओळखू येत होत्या. अडचण चार बाटल्यांची होती. मुलांना ओळखायला द्यायची चार द्रव्यं: एक अल्कोहोल, एक अल्डिहाइड, एक कीटोन आणि एक ॲसिड. चौघंही पाण्यासारखी. चौघांच्याही पोटात ऑक्सिजन, फक्त तो कुणाशेजारी कसा बसलाय त्यावरून नाव ठरायचं. रसायनशास्त्राच्या कुठल्याही बाईने बूच काढून, हाताने जरा वारा घेऊन, क्षणात चौघांना नावानिशी हाक मारली असती.

ज्योत्स्नाबाईंनी बूच काढलं. हाताने वारा घेतला. काहीच आलं नाही. येणार नव्हतंच.

त्या साथीच्या वर्षी घरातल्या दोघी बायका, ज्योत्स्नाबाई आणि त्यांच्या सासूबाई, एकाच खोलीत तापाने पडल्या होत्या. ज्योत्स्नाबाईंचे यजमान अनंतराव दाराच्या फटीतून ताटं आत सरकवायचे. ताप गेला, पण जाताना ज्योत्स्नाबाईंचं नाक घेऊन गेला. लोकांचं म्हणे थोड्या दिवसांत परत आलं. ज्योत्स्नाबाईंचं आलं नाही. आधी वाटलं, येईल. मग वाटलं, सांगू कुणाला तरी. मग सांगायची वेळच निघून गेली. त्यांची आई गेली तेव्हा माहेराहून, तुकईथडहून, तिचं एक लुगडं त्यांनी आणलं होतं. ट्रंक उघडून ते नाकाशी धरलं, तर हाताला नुसतं सूत लागलं. त्या दिवसापासून ती ट्रंक त्यांनी उघडली नव्हती.

शाळेत सांगायची तर सोयच नव्हती. त्या अतिथी शिक्षिका. म्हणजे दर जुलैत नव्याने बोलावणं, आणि आलं नाही तर विचारायचं नाही. थंडीत एकदा बर्नरचा खटका सुरू राहिला होता आणि गॅस सुटला होता. ज्योत्स्नाबाई त्याच्या हातभर अंतरावर निवांत बसून वह्या तपासत होत्या. व्हरांड्यातून धावत आला तो स्वप्निल, रसायनात एम.एस्सी. करूनही गणितावर दिवस काढणारा तरुण मास्तर. प्राचार्यही मागून आले. "मॅडम, तुम्हांला वास नाही आला?" त्यांनी विचारलं.

"सर्दी झालीय सर."

"तुमची सर्दी फार दिवस चालली मॅडम. ज्याला गॅसचा वास येत नाही, त्याच्या हातात मी लॅबची किल्ली कशी ठेवू?"

तेव्हापासून ज्योत्स्नाबाई रुमाल हातात घेऊनच शाळेत जायच्या आणि आठवणीने शिंकायच्या.

शिकवायच्या मात्र मन लावून. शाळा हिंदी माध्यमाची आणि मुलं घरी मराठी बोलणारी, म्हणून वर्ग हिंदीतून चालायचा आणि समजूत मराठीतून. "हे बघा, रेणूमध्ये ॲसिड बसलं असेल तर आडनाव त्याचं. अल्कोहोल तिथेच असलं तरी त्याला शेवटी 'ऑल' म्हणून मिरवता येत नाही. 'हायड्रॉक्सी' होऊन पुढे उभं राहावं लागतं. घरात सासू बसलेली असली की सून कुठं असते?"

"किचन में!" मुली एका सुरात ओरडायच्या.

"बरोबर. आणि प्रत्येकाला दोन नावं. माहेरचं ॲसिटोन, सासरचं प्रोपेनोन. माहेरचं ॲसिटिक ॲसिड, सासरचं एथेनॉइक. परीक्षेत सासरचं लिहायचं. पण ध्यानात ठेवा, नाव बदललं तरी गुणधर्म तेच राहतात."

हे त्या अनुभवाने सांगायच्या. माहेरी त्या रंजिता होत्या. लग्नात अनंतरावांनी ताटातल्या तांदळात अंगठीने 'ज्योत्स्ना' लिहिलं, आणि त्या जोडाक्षरात त्यांचे तांदूळ इतके विस्कटले की भटजींनी पुन्हा सारखे करून दिले. गुणधर्मांचं पुढे काय झालं, हे मात्र बाई वर्गात सांगायच्या नाहीत.

तर आता चार बाटल्या. तपासणीची रसायनं होती, पण मुलांच्या परीक्षेपुरती, अगदी मोजकी. नोंदवहीतल्या मापापेक्षा आधीच कमी दिसली तर उद्या परीक्षकांना काय सांगायचं? ॲसिड त्यांनी डब्यातल्या खाण्याच्या सोड्यावर थेंब टाकून ओळखलं. ते फसफसलं, आणि फसफस डोळ्यांना दिसते. अल्डिहाइडच्या जागी फॉर्मॅलिन होतं. त्याच्यावर वाकल्याबरोबर डोळ्यांतून पाणी आलं. त्यालाही नाक लागत नाही. राहिल्या दोन. एक भरलेली, एक अर्धी. एक अल्कोहोल, एक कीटोन. त्या दोन बाटल्या ज्योत्स्नाबाईंनी भाजीच्या पिशवीत घातल्या आणि घरी नेल्या. घरी एक नाक होतं.

मालूबाई म्हणजे त्यांच्या सासूबाई, जसोंडी गावच्या. लग्नापासून त्यांची एकच जाहीर तक्रार होती, ती म्हणजे "सून आपल्या मताची आहे, मले काही इचारत नाही." तापानंतर हे सगळं पालटलं. फोडणी टाकली की ज्योत्स्नाबाई हाक मारायच्या, "आई, बघा बरं, बसली का?" दूध तापवलं की पातेलं पुढे करायच्या, "आई, नासलं नाही ना?" मालूबाई वाकायच्या, डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायच्या आणि निकाल द्यायच्या, "झालं." शेजारच्या कमलताईंना त्या अभिमानाने सांगायच्या, "आमची सून माह्या नाकाबिगर डाळ उतरवत नाही चुलीवरून." दोघींचं इतकं सूत जमलं होतं की गल्लीत लोक उदाहरण द्यायचे.

"आई, ह्याचा जरा वास घेऊन सांगता? शाळेचं आहे."

मालूबाई लसूण सोलत होत्या. त्यांचे हात थांबले. "शाळेचं? मले इचारते?"

"तुमच्याइतकं नाक कुणाचं आहे? ह्यातली एक दारूच्या जातीची आहे, आणि एक नखांचा रंग पुसायच्या पाण्याच्या जातीची. कुठली कुठली, एवढंच सांगा."

मालूबाई उठल्या, हात धुऊन आल्या, पदर सारखा केला. सोवळ्यात बसावं तशा पाटावर बसल्या. पहिल्या बाटलीचा वास घेतला. दुसरीचा घेतला. परत पहिलीचा. मग दोन्ही बाटल्या खिडकीच्या उजेडाकडे धरून पाहिल्या.

"तुले काय वाटते?"

"मला वाटून काय उपयोग, आई? तुम्ही सांगा."

"ही," मालूबाईंनी अर्ध्या बाटलीवर बोट ठेवलं. "हा तर आपल्या कडूचा वास. संध्याकाळी जिना चढते तवा असाच येते." कडू वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. पॉवरलूमवरून सुटला की तो सरळ घरी आलाय असं कुणी पाहिलं नव्हतं.

"नक्की ना?"

"आता व माय! हे नाक काय शोभेले लावलं का मी?"

तेवढ्यात अनंतराव कापड बाजारातल्या आपल्या दुकानातून आले. हातात केळ्यांची फणी होती. दापोऱ्याचा लोटू त्यांचा वर्गमित्र, तो दर आठवड्याला दुकानात घड पाठवायचा आणि त्यातली रोज एक फणी घरी यायची. जेवायला बसण्याआधी दोन केळी खायची अनंतरावांना सवय होती. तापाच्या साथीनंतर लागलेली. ज्योत्स्नाबाईंना वाटायचं, शक्ती येण्यासाठी डॉक्टरांनी सांगितलं असेल. अनंतराव उंबऱ्यात थांबले. उघड्या बाटल्यांकडे पाहिलं, नाक वर करून म्हणाले, "हे तर..."

"दारू हाय," मालूबाई म्हणाल्या.

"हो, अल्कोहोल," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

अनंतरावांनी आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि खाली बसून केळं सोलायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी बाटल्यांवर नव्या कोऱ्या चिठ्ठ्या लागल्या. परीक्षक नंदकुमार सर आले. फेब्रुवारीतही गळ्यात मफलर, आणि चेहरा असा की कुणाच्या तरी दहाव्यावरून परस्पर इकडे आलेत. खुर्चीत बसून त्यांनी चहा मागितला, मावा जिलेबीची बशी लांब सारली, "पित्त आहे," म्हणाले, आणि परीक्षा सुरू झाली.

आता ह्या शाळेची एक जुनी रीत होती. त्याबद्दल कुणी बोलत नसे आणि ती कुणी मोडतही नसे. परीक्षानळी मुलापुढे ठेवताना देवराम त्याच्याकडे एकदा बघायचा. आत ॲसिड असेल तर दात आंबल्यासारखं तोंड करायचा. अल्डिहाइड असेल तर डोळे पुसायचा. कीटोनला आपलं नख खाजवायचा आणि अल्कोहोलला उभ्या जागी किंचित डुलायचा. त्या वेळी सगळे मास्तर खिडकीबाहेरच्या लिंबाच्या झाडाकडे बघायचे. ज्योत्स्नाबाईही बघायच्या, त्याचं त्यांना वाईट वाटायचं, पण वाईट वाटून त्या झाडाकडेच बघायच्या. मुलं कागदावर नाव लिहायची, मग वहीतून पाठ केलेले प्रयोग मागून जोडायची. रसायनांना हात लावायचं कुणाला कारणच पडायचं नाही.

देवराम चिठ्ठ्या वाचत वाचत टेबलांमधून फिरला, तोंड आंबवलं, डोळे पुसले, नख खाजवलं, डुलला. सगळ्यांनी पटापट लिहिलं. तासाभरात नंदकुमार सरांनी कागद गोळा केले, चिठ्ठ्यांशी ताडून पाहिले, आणि दिवसभरात पहिल्यांदा त्यांचा चेहरा जरा उजळला.

"मॅडम, मुलं तयार केलीत तुम्ही. सगळ्यांचं बरोबर. एकीचं सोडून."

ती एक म्हणजे रश्मी. वर्गात मागच्या बाकावर बसणारी, कमी बोलणारी. आदल्या रात्री तुकईथडला मावशीची हळद होती, तिथून पहाटेच्या गाडीने ती सरळ परीक्षेला आली होती. नखांवर लालभडक रंग होता, आणि तो दिसू नये म्हणून तिने सकाळपासून हात ओढणीत लपवले होते. तिच्यापुढे नळी ठेवताना देवराम चांगला डुलला होता. तिने पाहिलंही होतं. पण ओढणीतून नळी धरायला गेली ती निसटली, द्रव बोटांवर सांडला, आणि नखांचा लाल रंग बघता बघता विरघळून तळव्यावर ओघळला. रश्मीने देवरामकडे पाहिलं, नखांकडे पाहिलं, आणि कागदावर 'कीटोन' लिहिलं.

"इकडे ये," नंदकुमार सर म्हणाले. "इस बोतल पर सबने अल्कोहोल लिखा. तू अकेली कीटोन? नाव काय ह्याचं?"

"माहेरचं सांगू की सासरचं, सर?"

सरांनी मफलर सैल केला. "काय?"

"माहेरचं ॲसिटोन, सासरचं प्रोपेनोन."

"नाव तर येतंय. पण बाई, बाटलीवर अल्कोहोल लिहिलंय ना!"

"सर, मेरी नेलपॉलिश निकल गई," रश्मी म्हणाली आणि तिने दोन्ही हात पुढे केले.

"परीक्षेत नेलपॉलिश!" प्राचार्य दारातून म्हणाले. रश्मीचा बांध फुटला. सरांनी लाल पेनाने कागदावर शून्य काढलं. फार काळजीपूर्वक काढलं, गोल.

ज्योत्स्नाबाई त्या शून्याकडे बघत होत्या. मग त्यांनी रश्मीचे हात पाहिले. डाव्या हाताची नखं लाल. उजव्या हाताच्या तीन बोटांची नखं कोरी, पांढुरकी, कडेला लाल रेघ उरलेली. अल्कोहोल असं करत नाही. त्यांच्या घरात कुणी नखं रंगवत नव्हतं, नाहीतर काल हेच केलं असतं आणि सासूबाईंना त्रास दिला नसता. प्रात्यक्षिकात नापास म्हणजे रश्मीची बारावी अडकली. बारावी अडकली की पुढचं त्यांना ठाऊक होतं. कालच्या हळदीतच एक पाहुणे तिला बघून गेल्याचं पोरगी सकाळी रडवेली होऊन सांगत होती.

गप्प बसलं तर एक पोरगी जाते. बोललं तर आपण जातो. दाराशी स्वप्निल उभा होता. ज्योत्स्नाबाईंनी उगीच एक बूच घट्ट केलं, दुसरं घट्ट केलं. तिसरं घट्टच होतं. मग घट्ट करायला काही उरलं नाही.

"सर, रश्मीचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "चिठ्ठी चुकलीय. चिठ्ठी मी लावली."

"असं कसं चुकेल? वास घेतला नव्हता?"

"मला वास येत नाही."

"सर्दी," प्राचार्यांनी घाईघाईने सरांना समजावलं.

"नाही सर. सर्दी नव्हतीच कधी. त्या तापापासून येत नाही."

बाईंचा हात सवयीने रुमालाकडे गेला आणि मग त्यांनी तो रुमाल टेबलावर ठेवून दिला. नंदकुमार सरांनी अर्धी बाटली ओढून बूच काढलं, हुंगलं, आणि त्यांचा चेहरा आणखी उतरला. "ॲसिटोन," ते म्हणाले. "सकाळपासून माझ्या नाकापुढे आहे. मीही चिठ्ठीच वाचली."

मग त्यांनी कागदांचा गठ्ठा हातात तोलला. "म्हणजे ही एक पोरगी पास. आणि ज्यांना ज्यांना ह्या दोन बाटल्यांतलं मिळालं ते सगळे नापास."

"सगळे?" प्राचार्यांनी भिंत धरली.

"पण मला एक सांगा," सर म्हणाले. "इतक्या जणांनी एकच चूक कशी केली? प्रत्येकाने वेगळा प्रयोग केला ना?"

सगळ्यांनी देवरामकडे पाहिलं. देवराम छताकडे बघत होता. सवयीने तो जरासा डुलला.

"मॅडम, तपासणीची रसायनं किती उरलीत?"

"सगळी, सर."

"सगळी? परीक्षा झाली ना आत्ता?"

नंदकुमार सरांनी बराच वेळ खिडकीबाहेरच्या लिंबाकडे पाहिलं. त्या झाडात काहीतरी असावं. शेवटी त्यांनी कागदांचे दोन तुकडे केले, मग चार केले.

"जेवून या. दुपारी परत घेऊ. आणि हे गृहस्थ बाहेर बसतील. भिंतीकडे तोंड करून."

दुपारी देवराम व्हरांड्यात स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसला, आणि त्या प्रयोगशाळेत कित्येक वर्षांनी परीक्षा झाली. मुलं आधी बावरली. ह्या बाटलीतलं त्या नळीत ओतायचं म्हणजे नेमकं कसं, हे एकमेकांना विचारू लागली. मग एका कोपऱ्यातून ओरडा झाला, "अरे, ये तो सचमुच होता है!" कीटोनच्या नळीत दाट नारिंगी साका खाली बसत होता. दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी नळीच्या काचेवर चांदीचा आरसा धरला होता, आणि त्यात तीन मुली आपापली तोंडं बघत होत्या. ज्योत्स्नाबाई टेबलांमधून फिरत होत्या. रंग दिसत होते. फसफस ऐकू येत होती. बाकीचं पूर्वी कसं यायचं ते त्यांनी आठवून पाहिलं, आणि आठवलं नाही. फार थोडी मुलं चुकली. रश्मीला पुन्हा काही करावं लागलं नाही. सरांनी तिला उरलेली लाल नखं ॲसिटोनने पुसून घरी जायला सांगितलं.

निघताना प्राचार्य म्हणाले, "मॅडम, लॅबची किल्ली स्वप्निल सरांकडे देऊन टाका. थिअरीचं आपण... जुलैमध्ये बघू."

'जुलैमध्ये बघू' ह्या वाक्याचा अर्थ अतिथी शिक्षकांना कुणी शिकवावा लागत नाही. स्वप्निलने किल्ली घेताना मान खाली घातली. "सॉरी मॅडम," तो म्हणाला. "गॅस तपासत जा," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

घरी मालूबाई पाटावर गहू निवडत बसल्या होत्या. "काय वं, झाली परीक्षा? आपलं बरोबर निघालं ना?"

'आपलं' ह्या शब्दाने ज्योत्स्नाबाईंना खाली बसवलं. "आई, ती अर्धी बाटली दारूची नव्हती."

मालूबाईंची बोटं गव्हात थांबली. त्यांनी एक खडा काढला, परत टाकला, परत काढला.

"काल सर्दी होती का तुम्हांला?"

"नाही."

"मग कडूचा वास कसा आला?"

"मले कुठं येते वास?" मालूबाई सुपाकडे बघत म्हणाल्या. "त्या तापातच गेलं नाक."

पॉवरलूमचा खटखटाट गल्लीतून येत होता. ज्योत्स्नाबाईंना वाटलं, आपल्याला चुकीचं ऐकू आलं असेल. पण कान त्यांचे चांगले होते.

"तापात? मग तुम्ही बोलला का नाहीत कधी?"

"तू इचारत होती ना," मालूबाई म्हणाल्या. "फोडणी पाहा, दूध पाहा. जन्मात कोणी इचारलं नव्हतं मले. वास येत नाही म्हटलं असतं, तर पुढं इचारलं असतं का तू?"

ज्योत्स्नाबाईंना ह्याचं खरं उत्तर माहीत होतं, म्हणून त्यांनी ते दिलं नाही. "आई, मलाही येत नाही," त्या म्हणाल्या. "तेव्हापासूनच. म्हणून तर विचारत होते."

"मंग मी 'झालं' म्हणायची तवा..."

"मी उतरवायची."

"आणि ते दिवाळीची खीर?"

"पाहुणे म्हणाले होते, घरी नेऊन खाऊ."

मालूबाईंनी तोंडाला पदर लावला. आधी वाटलं रडतायत, मग खांदे हलायला लागले. ज्योत्स्नाबाईही हसल्या, आणि हसता हसता कधी डोळे भरले ते त्यांना कळलं नाही. जरा वेळाने त्यांनी विचारलं, "पण मग अर्धीच बाटली दारूची कशावरून?"

"आता व माय, त्यात काय! दारूची बाटली कुठं भरलेली राहते?"

"आई, बूच ढिलं होतं. ॲसिटोन उडून जातं."

"उडून गेलं तर गेलं," मालूबाई म्हणाल्या. "मले काय ठाव, तेही दारूसारखंच पाजी आहे म्हणून."

अनंतराव आले तेव्हा दोघी दारातच उभ्या होत्या. त्यांनी केळ्यांची फणी सावध होऊन छातीशी धरली.

"अहो, तुम्हांला वास येतो?" ज्योत्स्नाबाईंनी विचारलं.

"येतो."

"सगळा?"

"सगळा," अनंतराव म्हणाले. ते ज्या आवाजात म्हणाले त्यात लागलेलं दूध, करपलेला लसूण, आंबलेलं वरण आणि ती दिवाळीची खीर, सगळं होतं.

"म्हणजे काल ती बाटली..."

"नखांचंच होतं ते. दुकानात गिऱ्हाईक बायकांच्या हाताला येतो तो वास."

"अहो, मग बोलायचं ना! माझी लॅब गेली आज. जुलैचंही काही खरं नाही."

अनंतराव उंबऱ्यातच बसले. फणी मांडीवर घेतली. मग दोघींकडे न बघता म्हणाले, "लग्न झाल्यापासून तुमचं दोघींचं कशावर पटलेलं मी पाहिलं नव्हतं. तापानंतर पहिल्यांदा वरण कसं झालंय ह्यावर एकमत झालं. म्हटलं, वरणापायी कशाला मोडा? मग ती सवयच लागली गप्प बसायची. काल तर दोघी एका सुरात बोललात."

"आणि ही केळी? डॉक्टरांनी सांगितलेली?"

"डॉक्टरांनी कसली? केळं सालीत असतं," अनंतराव म्हणाले. "त्याला कुणी फोडणी देत नाही."

कडू जिन्यावरून अडखळत वर गेला. तो गेल्याचं दोघींना फक्त ऐकू आलं. जुलै अजून लांब होता, आणि जेवायची वेळ झाली होती. ज्योत्स्नाबाई उठल्या, आत जाऊन डाळ घोटली, तेल तापवलं, जिरं-मोहरी तडतडवली, आणि फोडणीची पळी हातात घेऊन क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग त्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आल्या.

"आई," त्यांनी हाक मारली, "बघा बरं, बसली का?"

मालूबाई सुपाजवळून उठल्या. पदर सारखा करून आत गेल्या, पातेल्यावर वाकल्या, डोळे मिटले आणि सावकाश, छातीभरून श्वास घेतला.

"झालं," त्या म्हणाल्या.

बाहेर अनंतरावांनी फणीतलं तिसरं केळं तोडलं.